कासवाखाली काय?

पृथ्वी कासवाच्या पाठीवर आहे म्हटलं की लोक हसतात. मला त्यात हसण्यासारखं काही दिसत नाही.

सतराव्या शतकात जॉन लॉक या इंग्रज तत्त्वज्ञाने एका भारतीय माणसाचं उदाहरण दिलं. पृथ्वी हत्तीवर, हत्ती कासवावर. आणि कासव? कशावर तरी, काय ते ठाऊक नाही! लॉकचा टोमणा खरं तर वस्तूच्या रंग-आकारासारख्या गुणांखाली 'द्रव्य' नावाचा आधार मानून मोकळे होणाऱ्या तत्त्वज्ञांना होता, पण जगाच्या लक्षात राहिला तो भाबडा भारतीय.

आपल्याकडचा विचार इतका भाबडा नव्हता. शतपथ ब्राह्मण या वैदिक ग्रंथात कासव हेच त्रैलोक्य आहे: खालचं कवच पृथ्वी, वरचं घुमटासारखं कवच आकाश आणि मधे अंतरिक्ष. कासव जगाखाली नाही, जगच कासवाच्या आकाराचं आहे. किती सुंदर कल्पना! पुढे समुद्रमंथनात मंदार पर्वत बुडायला लागला, तेव्हा विष्णू कूर्म होऊन त्याच्या खाली गेला. दोरी ओढणारे देव-दानव सगळ्यांना दिसतात. पर्वत पेलणारा पाण्याखाली. उत्तर अमेरिकेतल्या हौडेनोशौनी लोकांच्या कथेतही तळातून आणलेला चिखल कासवाच्या पाठीवर पसरला आणि त्याची जमीन झाली.

म्हणूनच शिवमंदिरात नंदीपाशी फरशीत कोरलेलं कासव मला फार मोलाचं वाटतं. चौथरा नाही, कठडा नाही. हनोईच्या साहित्य मंदिरात परीक्षा उत्तीर्ण झालेल्या विद्वानांच्या नावांचे 82 शिलालेख दगडी कासवांच्या पाठीवर उभे आहेत. परीक्षेआधी मुलं त्या कासवांच्या डोक्यावरून हात फिरवून जात. हाताला लागेल इतक्या खाली असलेलं हे शिल्प खरं सार्वजनिक. चौकात उंच खांबावर, रंगीत दिव्यांत फायबरचं कासव बसवणं मला पटत नाही. पेलणाऱ्यालाच आपण वर चढवून ठेवतो.

आणि आपल्या गोव्यात तर खरी कासवं येतात! मोरजी, मांद्रे, आगोंद, गालजीबाग इथे ऑलिव्ह रिडले मादी रात्री वाळूत खड्डा करून शंभरेक अंडी घालते आणि परत समुद्रात जाते. वाळू उबदार असेल तर माद्या जास्त, थंड असेल तर नर. साधारण 50 दिवसांनी पिल्लं बाहेर पडतात ती बहुतेक रात्रीच, आणि जिकडे उजेड जास्त तिकडे चालू लागतात. काळोख्या किनाऱ्यावर तो उजेड समुद्राचा असतो. शॅकचे, हॉटेलांचे दिवे पेटलेले असले की पिल्लं उलट्या दिशेने, जमिनीकडे जातात. आपला पर्यटनाचा हंगाम आणि त्यांचा अंडी घालण्याचा हंगाम नेमका एकच.

कासवाखाली काय, याचं गोव्यापुरतं उत्तर मला ठाऊक आहे: वाळू. तीही काळोखातली.

शिल्पं उभारायला माझा विरोध नाही, पण त्याआधी समुद्राकडे तोंड केलेले दिवे रात्री बंद व्हायला हवेत. जिथे ते जमत नाही तिथे निदान मंद, तांबडे, वरून झाकलेले असावेत. पुढच्या ग्रामसभेत मी हा विषय मांडणार आहे. मोरजी-मांद्र्यातल्या शॅकवाल्या मित्रांनो, तुम्हीही या, अडचणी असतील त्या तिथे बोलूया.