नाणं घ्यावं, पण वाचू नये

जुनी नाणी जमवायचा छंद लागला म्हणता? अभिनंदन. साताऱ्यात राहून हा छंद लावून घ्यायचा नाही तर मग राहायचं कशाला? राजधानीचं गाव आहे. इथे कुणाच्या ना कुणाच्या शेतात मोहरांचा हंडा लागलेलाच असतो. ज्याला लागला तो माणूस कधी भेटत नाही, पण त्याच्या साडूला ओळखणारा पोवई नाक्यावर हमखास भेटतो. छंदाचा नियम एकच. नाणं हातात घ्या, खिशात घाला, स्टेटसला लावा, पण ते वाचू नका. वाचलं की सगळा विचका होतो.

सुरुवात अर्थातच शिवराईपासून, म्हणजे मराठेशाहीतल्या तांब्याच्या नाण्यापासून करावी. फडकं पसरून बसलेला विक्रेता म्हणेल, "दादा, थेट महाराजांच्या काळातली हाय. आजोबांनी जपून ठिवलेली, आता अडचण हाय म्हणून काढली." महाराष्ट्रातल्या सगळ्या विक्रेत्यांचे आजोबा एकच कसे, असं विचारू नये. खऱ्या शिवराईवर एका बाजूला 'श्री राजा शिव' आणि दुसरीकडे 'छत्रपति' असतं. पण ती हातोड्याने ठोकून पाडलेली. ठसा मोठा आणि तांब्याचा तुकडा लहान, त्यामुळे एखादं अक्षर कडेबाहेर गेलेलं, एखादं अर्धवट. असली अर्धीमुर्धी शिवराई घेऊन काय करणार? तुम्ही अक्षर न् अक्षर ठसठशीत असलेली निवडा. कडेला साच्याची बारीक रेघ आणि पृष्ठभागावर बुडबुड्यांचे खड्डे दिसले तर ती मराठा कारागिरीची खूण समजावी. एकाच फडक्यावर हुबेहूब सारख्या पाच शिवराया दिसल्या तर पाचही घ्याव्यात. पुन्हा कुठे मिळणार?

शिवराई महाराजांच्या नंतरही कितीतरी वर्षं पडत राहिली. मधे दोन आडव्या रेघा असलेली दुदांडी ही त्या पुढच्या काळातली. हे तुम्हाला एखादा किडकिडीत कॉलेजकुमार सांगू लागेल. त्याला फक्त एवढंच विचारा, "का रे, महाराजांचा अभिमान नाही का तुला?" वाद तिथेच संपतो. इतिहासाचे वाद आपल्याकडे असेच संपतात.

शिवराईनंतर रामदरबार. एका बाजूला राम, लक्ष्मण, सीता, मारुती. दुसऱ्या बाजूला ईस्ट इंडिया कंपनी आणि साल १८१८. ज्या साली कंपनीने पेशवाई बुडवली त्याच साली तिच्या साहेबाला भक्तीचा असा उमाळा आला की त्याने नाण्यावर मारुतीराया बसवले! कंपनीने असं नाणं कधी काढलंच नाही, हे देवळाबाहेर विकायचे टोकन आहेत, असं जाणकार म्हणतात. म्हणू द्या. तुमच्याकडचं तर चुंबकासारखं तांदूळ ओढतं. तांदूळ ओढणाऱ्या नाण्याला परदेशातली कंपनी कोट्यवधी देते. आधी फक्त तपासणीची फी तुम्ही भरायची. मग तपासणीच्या साहेबाची गाडीभाड्याची सोय. मग त्याचा विशेष पोशाख. या टप्प्यावर मेव्हण्याला भागीदार करून घ्यावं, म्हणजे पुढे घरात एकट्यालाच बोलणी खावी लागत नाहीत.

आता नाण्यांची निगा. तांब्यावर दीडदोनशे वर्षांत जो काळपट, तपकिरी थर चढतो, त्याला संग्राहक जिवापाड जपतात. तुम्ही चिंच घ्या. चिंचेने भागलं नाही तर लिंबू आणि राख, तरीही भागलं नाही तर तारेची घासणी. नाणं देवघरातल्या ताम्हनासारखं लखलखलं पाहिजे. किंमत निम्म्याहून खाली येते खरी, पण पाहुण्यांना दाखवताना बरं वाटतं. नंतर ही चकचकीत नाणी स्वस्तातल्या, वास येणाऱ्या प्लॅस्टिकच्या अल्बममध्ये ठेवावी. दोनचार पावसाळ्यांत त्यांच्यावर हिरवा चिकटा येतो. मग पुन्हा चिंच.

चांदीच्या रुपयाचं मात्र जपून. राणी छाप रुपयावर १८६२ दिसलं की उडी मारा आणि सांगेल ती किंमत द्या. तेच साल पुढे कित्येक वर्षं तसंच छापत राहिले, त्यामुळे १८६२ चा रुपया राणी छापात सगळ्यात सहज मिळणाऱ्यांपैकी, ही माहिती सराफाच्या पेढीवर कुणी दिलीच तर ऐकू आलं नाही असं दाखवा. आणि देवघरातल्या १९४७ च्या वाघाच्या रुपयाला चुंबक लावू नका. तो टकन् चिकटेल. रुपया निकेलचा आहे. चांदी चिकटत नाही. इतकी वर्षं लक्ष्मीपूजनाला त्यालाच दुधाने अंघोळ घातली, आता सासूबाईंना कोण सांगणार?

विक्रीची चिंता नको. वैष्णोदेवीचं पाच रुपयांचं नाणं, नंबरात ७८६ असलेली नोट, कमळाचं पिवळं वीस पैशांचं नाणं, सगळ्याला लाखांचा भाव आहे, असं मोबाईलवर रोज येतं. कमळाच्या नाण्यात सोनं नाही; तांबं, ॲल्युमिनियम आणि थोडं निकेल आहे. आमच्या नावाने कुणी जुन्या नाण्यानोटांवर फी, कमिशन किंवा कर मागत असेल तर बळी पडू नका, असा इशारा रिझर्व्ह बँकेने २०२१ मध्ये दिला होता. पण बँकेला काय कळतं नाण्यांतलं!

विकत घेणं परवडत नसेल तर मेटल डिटेक्टर घेऊन गड चढा. १८७८ चा निखात निधी कायदा म्हणतो की जमिनीत सापडलेला ऐवज दहा रुपयांहून जास्त किमतीचा असेल तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवायचं. दहा रुपये! कंदी पेढ्याची चवसुद्धा बघून होत नाही तेवढ्यात. शिवाय संरक्षित गडावर खणणं हा वेगळा गुन्हा. पण तुमचा तो साडूवाला माणूस म्हणालाय ना, की वरपर्यंत ओळख आहे.

या छंदात खरा धोका निराळाच आहे. एखाद्या पावसाळी दुपारी लाईट गेलेले असतात, करायला काही नसतं, आणि चुकून तुम्ही भिंग घेऊन एखादं नाणं वाचायला बसता. मग कळतं की १९११ च्या रुपयावर पंचम जॉर्जच्या झग्यावरचा हत्ती लोकांना डुक्कर वाटला, गहजब झाला आणि सरकारला ते रुपये मागे घ्यावे लागले. पुढे कळतं की नाशिकजवळ जोगळटेंभीला १९०६ मध्ये नहपान या क्षत्रप राजाच्या चांदीच्या नाण्यांचा तेरा हजारांहून मोठा साठा सापडला आणि त्यातल्या बहुतेकांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारलेला होता. हरलेल्या राजाच्या तोंडावरच जिंकलेल्याचं नाव! मग तुम्ही ब्राह्मी शिकता, मोडी शिकता, सुट्टी काढून अंजनेरीच्या नाणकशास्त्र संस्थेत जाता. नव्या रुपयाच्या सालाखाली पत्त्यांतल्यासारखी चौकट आहे की तारा, म्हणजे टांकसाळ मुंबईची की हैदराबादची, हे पाहिल्याशिवाय वाण्याला पैसे देता येत नाहीत. मागे रांग खोळंबते.

एवढं झालं की तुम्ही बाजारातून उठलात. फडकेवाला तुम्हाला लांबून पाहूनच शिवराया गुंडाळायला लागतो. आणि कुणी ७८६ ची नोट घेऊन दारात आलाच, तर तुम्ही त्याला बसवून, चहा पाजून दोन तास १८६२ समजावून सांगता. पुढच्या वेळी तो तुमची आळीच टाळून जातो.