फॉर्म भरून नेलात, पुढे काय झालं?

फिल्डवर्कला गेलेल्या माझ्या स्टुडंट्सना परवा एका पंधरा-सोळा वर्षांच्या मुलीनं विचारलं, "मागच्या वर्षी पण असेच आले होते, घरात भांडणं होतात का, झोप लागते का सगळं विचारून गेले, त्याचं काय झालं?" पोरं गप्प. मला येऊन सांगितलं तर मी पण गप्प, कारण मागच्या वर्षीचे पण माझेच होते आणि त्यांचे रिपोर्ट मार्क देऊन माझ्याच कपाटात पडलेत.

मला आता स्पष्ट वाटतं, कुटुंबांवर आणि तरुण मुलांवर रिसर्च करायचा तर प्रश्न ठरवतानाच ती सोबत बसलेली पाहिजेत. हे काही माझ्या डोक्यातून आलेलं नाही, नुसती पुस्तकं निघतात असा रिसर्च पुरत नाही हे कुर्ट लेविन या सामाजिक मानसशास्त्रज्ञानं १९४६ मध्येच लिहून ठेवलंय. आपण ते शिकवतो, पाच मार्कांची टीप म्हणून!

मुलांच्या सहभागाचा अभ्यासक रॉजर हार्ट, त्याची शिडी पण तशीच. १९९२ मध्ये युनिसेफसाठी लिहिताना त्यानं मुलांच्या सहभागाच्या ८ पायऱ्या मांडल्या, त्यातल्या खालच्या ३ ना तो सहभागच मानत नाही, म्हणजे मुलांना वापरून घेणं, शोभेला उभं करणं आणि नावापुरतं बोलायला लावणं. आमच्या 'युथ मीट'मध्ये स्टेजवर दोन मुलं होती आणि त्यांची भाषणं आम्हीच लिहून दिलेली, आता पायरी तुम्हीच ठरवा.

यंदा फोटोव्हॉइस करून बघितलं, म्हणजे लोकांनीच आपल्या जगण्याचे फोटो काढायचे आणि त्यावर बोलायचं. कॅरोलिन वांग आणि मेरी ॲन बरिस यांनी १९९० च्या दशकात चीनच्या युनान प्रांतात गावातल्या बायकांच्या हाती कॅमेरे दिले होते, ती पद्धत. मुलांना एवढंच सांगितलं की घरात कुठे बरं वाटतं, कुठे नको वाटतं त्याचे फोटो काढा, चेहरे नकोत, घरच्यांना आधी विचारा. आम्हाला वाटलेलं मोबाईल नाहीतर अभ्यासाचं टेन्शन येईल. चार जणांनी दाराच्या कडीचे फोटो आणले. कडी लावून दहा मिनिटं एकटं बसता येत नाही, मित्राशी फोनवर बोलायचं तरी घराबाहेर पडायला लागतं. आमच्या एवढ्या लांबलचक प्रश्नावलीत यावर एक प्रश्न नव्हता. फोटो पालकांना दाखवले तर एक आई म्हणाल्या, "मला तरी कुठंय अशी जागा?"

वेळ खूप जातो हे खरंय, सेमिस्टर संपतं आणि काम अर्धंच राहतं. तरी कपाटातले जुने रिपोर्ट बाहेर काढलेत. कुणी ओळखू येणार नाही असं बघून दोन पानांत सोपं लिहितेय, रविवारी त्या मुलीकडे घेऊन जायचंय.