नगरसेवकांशिवाय नाशिक चाललं?

नाशिकच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मजकूर फिरतोय. त्याचं सार असं: मार्च २०२२ पासून जानेवारी २०२६ च्या निवडणुकीपर्यंत महापालिकेत एकही नगरसेवक नव्हता, तरी नळाला पाणी आलं, घंटागाडी दारात आली. मग १२२ नगरसेवक हवेत कशाला, आयुक्त पुरेत. ज्यांच्याबद्दल मला आदर आहे अशा माणसांनीही तो पुढे पाठवला, म्हणून लिहायला बसलो.

पाणी आलं, हे खरंच. पण मुकणे धरणावरची पाणीयोजना आणि ८ जुलै २०२१ ला सुरू झालेली सिटीलिंक बससेवा, दोन्ही नगरसेवक सभागृहात असतानाच उभ्या राहिल्या. नंतरची चार वर्षं बरीचशी त्याच शिदोरीवर निघाली.

'आयुक्त पुरेत' म्हणणाऱ्यांनी कायदा बघावा. अंमलबजावणी आयुक्तांची, अंदाजपत्रक, कराचे दर, मोठे ठेके यांना मंजुरी महासभेची, म्हणजे सगळ्या नगरसेवकांच्या सभेची, किंवा त्यांच्यातल्या १६ जणांच्या स्थायी समितीची. नगरसेवकांची मुदत संपून आयुक्तच प्रशासक झाले की प्रस्ताव मांडणारा आणि मंजूर करणारा माणूस एकच होतो. २०१८ आठवा. तुकाराम मुंढे आयुक्त होते आणि घरपट्टीच्या नव्या दरांत मोकळ्या जागाही आल्या. महासभा पेटली, गोष्ट अविश्वास ठरावापर्यंत गेली. एकूण नगरसेवकांपैकी पाच-अष्टमांश एकत्र आले तर सरकारला आयुक्त परत बोलवावा लागतो. ठराव शेवटी मागे घेतला गेला, आणि मुंढ्यांची शिस्त मला स्वतःला आवडायची. तरी आमच्या खिशाचा प्रश्न भर सभेत कुणीतरी विचारला, हे मी विसरू शकत नाही.

'प्रशासकामुळे कारभार स्थिर राहतो' हेही त्या मजकुरात आहे. कैलास जाधव, रमेश पवार, चंद्रकांत पुलकुंडवार, अशोक करंजकर, मनीषा खत्री. चार वर्षांच्या आत एवढे आयुक्त झाले.

नगरसेवक ठेक्यांत टक्केवारी खातात, हा आरोप मात्र मी झटकून टाकणार नाही. लोकांचा राग खरा आहे. पण नगरसेवकाला पाच वर्षांनी आपल्याच गल्लीत मतं मागायला यावं लागतं. बदली होऊन गेलेल्या अधिकाऱ्याला आपण कुठे गाठणार?

आणि पंचवटीतलं तपोवन. नोव्हेंबर २०२५ मध्ये कुंभमेळ्यातल्या साधूंच्या मुक्कामाच्या साधुग्रामसाठी तिथली सुमारे १,८०० झाडं तोडायचा प्रस्ताव आला. माणसं झाडांना बिलगली, हरकती लिहून घेऊन आली. पंचवटीचा, नाशिकरोडचा, सिडकोचा एकही निवडून आलेला प्रतिनिधी महापालिकेत नव्हता, की ज्याला 'तू सभेत उभा राहा' असं सांगता आलं असतं. झाडं तोडायचा प्रस्ताव महापालिकेचा, आणि हरकती ऐकणारीही महापालिकाच.