गामाच्या गळ्यात हार घालण्याआधी

२० मे जवळ आली की वास्को द गामाची वकिली करणारा एक मजकूर फिरायला लागतो. १४९८ साली याच दिवशी गामाची जहाजं कालिकतजवळच्या किनाऱ्याला लागली, हे त्याचं निमित्त. मजकुराचं म्हणणं थोडक्यात असं: भारताला जगाशी जोडणाऱ्या या धाडसी दर्यावर्दीला आपण कद्रूपणाने नाकारलं. तो व्यापाराला आला होता. थोडीफार क्रूरता त्याच्या हातून झाली असेल, पण काळच तसा होता. मिरची आणि काजू खाताना त्याचे आभार मानायला हवेत. आणि पुतळ्यांवरून, नावांवरून भांडायचं खूळ आजच्या राजकारणाचं आहे. मजकूर सफाईदार आहे, वाचून माना डोलतात. म्हणून एकेक मुद्दा घेऊ.

'भारताला जगाशी जोडलं.' कालिकतला पोहोचल्यावर गामा स्वतः आधी उतरला नाही. धोका पत्करायला बरोबर आणलेल्या शिक्षा झालेल्या कैद्यांपैकी एकाला त्याने किनाऱ्यावर धाडलं. त्या कैद्याला लोकांनी नेलं ते ट्युनिसच्या दोन मुसलमान व्यापाऱ्यांकडे, आणि ते त्याच्याशी चक्क स्पेनच्या भाषेत बोलले. सैतान तुला घेऊन जावो, तू इथे कसा, असा त्यांचा पहिला सवाल. ख्रिस्ती आणि मसाले शोधायला आलो, हे उत्तर. हा प्रसंग पहिल्या सफरीतल्याच एका माणसाच्या रोजनिशीत आहे. म्हणजे ज्या बंदराला गामाने जगाशी जोडलं म्हणायचं, तिथे भूमध्य समुद्राकाठची माणसं आधीच दुकान मांडून बसली होती. चिनी सेनानी झंग ह याचे प्रचंड ताफे पंधराव्या शतकाच्या सुरुवातीलाच कालिकतला येऊन गेले होते. १४४२ च्या सुमारास आलेला इराणचा राजदूत अब्दुर रझ्झाक लिहून गेला आहे की इथे व्यापारी बिनघोर माल रस्त्यावर टाकतात, राखणीची जबाबदारी सरकारी माणसांची.

बरं, युरोपपुरतं बोलू. आपल्या चौलला रशियन व्यापारी अफनासी निकितिन गामाच्या सुमारे पाव शतक आधी उतरला, तिथून जुन्नर आणि बिदरपर्यंत गेला. रेवदंड्याला त्याचं स्मारक आहे. अलिबागला जाणारे शंभरातले नव्याण्णव ते न पाहता परततात. आणि खुद्द पोर्तुगीजांपैकीही गामा पहिला ठरत नाही. पेरू द कोव्हिल्यां नावाचा त्यांचा हेर १४८७ मध्ये निघून कैरो आणि एडनमार्गे कण्णूर, कालिकत आणि गोवा बघून गेला होता.

मग गामाचं काय उरतं? आफ्रिकेला वळसा घालून युरोप ते भारत हा अखंड सागरी प्रवास पहिल्यांदा त्याच्या ताफ्याने केला. हे उरतं, आणि ते लहान नाही. इथे मी हातचं राखून काही बोलणार नाही. बार्तोलोमेव दियश हा पोर्तुगीज दर्यावर्दी १४८८ मध्ये आफ्रिकेचं टोक ओलांडून परतला होता, पण गामाने त्याच्यासारखा किनारा धरला नाही. अटलांटिकमध्ये खोलवर पश्चिमेकडे वळसा घालून, वाऱ्याचा फायदा घेत तो दक्षिणेला उतरला. सुमारे तीन महिने जमीन दिसली नाही. कोलंबसाला कॅनरी बेटांहून पलीकडची जमीन दिसायला पाच आठवडे लागले होते, त्यावरून अंदाज यावा. त्या काळची जहाजं, ते खाणं, ती उपकरणं पाहता याला दाद द्यायलाच हवी.

पण दुसऱ्या टप्प्याकडे पाहा. पूर्व आफ्रिकेतल्या मालिंदीहून कालिकतपर्यंतचा समुद्र त्याने जेमतेम तेवीस दिवसांत ओलांडला, कारण मालिंदीच्या सुलतानाने वाटाड्या दिला होता. (हा वाटाड्या म्हणजे गुजराती कानजी मालम, त्याचं जहाज गामाच्या तिप्पट होतं, आणि हे गामाने स्वतःच्या डायरीत लिहिलंय, हा उलट बाजूचा मजकूरही जोरात फिरतो. गामाने लिहिलेली डायरी उपलब्धच नाही. वाटाड्या गुजराती असावा असं पोर्तुगीज बखरी सुचवतात, तो प्रसिद्ध अरब नाविक इब्न माजिद होता ही कथा नंतरची. त्या तिप्पट जहाजाचा भार आपल्या बाजूने न वाहिलेलाच बरा.) परतीला वाटाड्या नव्हता आणि मोसमी वाऱ्यांची वाट पाहायची तयारी नव्हती. कारवारजवळच्या अंजदीव बेटावरून तो ऑक्टोबरच्या सुरुवातीला, वारे फिरायच्या आधीच निघाला. तेवीस दिवसांच्या समुद्राला सुमारे तीन महिने लागले. हिरड्या सुजून माणसं मेली, उरलेल्यांत तीन जहाजं हाकारायचं बळ राहिलं नाही, म्हणून एक जहाज जाळून टाकावं लागलं. निघालेल्या सुमारे १७० पैकी जेमतेम तिसरा हिस्सा घरी पोहोचला. आपल्या कोकणातल्या तांडेलाला ठाऊक असलेली गोष्ट विचारायची तसदी कुणी घेतली नाही.

'तो व्यापारी होता.' कालिकतच्या सामुरी राजासाठी त्याने काय आणलं होतं त्याची यादी त्याच रोजनिशीत आहे: पट्ट्यापट्ट्यांच्या कापडाचे बारा तुकडे, चार लाल कुंच्या, सहा टोप्या, पोवळ्यांच्या चार माळा, हात धुवायची सहा भांडी, साखर, तेल आणि मध. राजाची माणसं हसली. मक्केहून येणारा गरिबातला गरीब व्यापारीही यापेक्षा जास्त देतो, म्हणाली. इथवर ही फजितीच आहे, गुन्हा नाही. पण निघताना जकातीवरून वाद झाला तेव्हा गामाने जहाजावर आलेल्या माणसांना ओलीस धरलं आणि त्यातल्या काहींना घेऊनच पोर्तुगाल गाठलं. सामुरीने मात्र गामाच्या राजाला पत्र धाडलं होतं: माझ्याकडे दालचिनी, लवंग, सुंठ, मिरी, रत्नं आहेत, मला सोनं, चांदी, पोवळी आणि लाल कापड हवं. या दोघांत व्यापारी कोण होता ते वाचकाने ठरवावं.

आणि पोर्तुगालचा राजा मानुएल याने १४९९ मध्येच, म्हणजे पहिली सफर परतताच, इथिओपिया, अरबस्तान, इराण आणि हिंदुस्थान यांच्या 'विजयाचा, नौकानयनाचा आणि व्यापाराचा स्वामी' असा किताब स्वतःला लावून घेतला. हिंदुस्थानात तोवर त्याची एक वखारही नव्हती. किताबातला क्रम बघा, व्यापार शेवटी आहे.

'काळच तसा होता.' सगळी वकिली या एका वाक्यावर उभी आहे, म्हणून इथे जरा थांबायला हवं.

१५०२. गामा दुसऱ्यांदा येतो, या वेळी वीसेक जहाजं आणि भरपूर तोफा घेऊन. सप्टेंबरच्या अखेरीस मलबार किनाऱ्यावर 'मीरी' नावाचं जहाज त्याच्या हाती लागतं. मक्केहून कालिकतला परतणारे यात्रेकरू, बरेच श्रीमंत व्यापारी, बायका, मुलं. माणसांच्या आकड्यात साधनांमध्ये फरक आहे, पण ती शेकड्यांनी होती. जहाजावरच्या धनिकाने खंडणी देऊ केली, मग वाढवली, मसाल्यांनी जहाजं भरून देण्याची तयारी दाखवली. गामाने जहाजावरचा माल काढून घेतला आणि माणसांसकट जहाज पेटवायचा हुकूम दिला. लोकांनी आग विझवली. बायका दागिने उंच धरून दाखवू लागल्या, काहींनी तान्ही मुलं वर धरली. निःशस्त्र केलेली माणसं दगडांनी लढली आणि दिवसेंदिवस लढली. शेवटी जहाज जळालं. वीसेक मुलं तेवढी बाजूला काढली, ती ख्रिस्ती करण्यासाठी.

हे लिहिणारा कालिकतचा कुणी दुखावलेला माणूस नाही. गामाच्याच ताफ्यातला लेखनिक तोमे लोपिश याने ते लिहिलं. ३ ऑक्टोबर १५०२ हा दिवस आपण आयुष्यभर विसरणार नाही, असं तो म्हणतो. तोही त्याच काळचा, त्याच देशाचा, त्याच धर्माचा. काळ तसा असता तर लोपिशला त्यात विसरू न शकण्यासारखं काय वाटलं असतं?

वकिलांचं यावर उत्तर असतं की हा सूड होता: १५०० मध्ये कालिकतला पोर्तुगीजांच्या वखारीवर हल्ला होऊन पन्नासहून अधिक माणसं मारली गेली होती. खरं आहे. पण त्याआधी तिथे आलेल्या काब्राल या पोर्तुगीज सेनानीच्या ताफ्याने बंदरातलं अरबांचं जहाज पकडलं होतं, आणि हल्ल्यानंतर त्याच काब्रालने बंदरातली जहाजं जाळून, शेकडो माणसं मारून, शहरावर तोफा डागून हिशेब तिथल्या तिथे पुरा केला होता. दोन वर्षांनी यात्रेकरूंकडून कसली थकबाकी वसूल करायची होती?

त्यानंतर गामा कालिकतपुढे आला आणि शहरातल्या मुसलमानांना हाकलून द्या अशी मागणी केली. पिढ्यान्‌पिढ्या इथे राहणारी हजारो घरं मी हाकलणार नाही, असा सामुरीचा जवाब. मग गामाने मासळी घेऊन आलेल्या तीसहून अधिक कोळ्यांना डोलकाठ्यांना फासावर लटकवलं, त्यांची मुंडकी आणि हातपाय तोडून एका होडीतून किनाऱ्यावर पाठवले, बरोबर चिठ्ठी. मग तोफा. ब्राह्मण दूताला कुत्र्याचे कान शिवल्याची जी गोष्ट सांगतात, ती मी मुद्दाम घेत नाही. ती नंतरच्या बखरकाराची आहे, आणि तिची गरजही नाही.

काळ हा सामुरीचाही तोच होता.

मिरची-काजूचं चटकन आटपतं. ही पिकं अमेरिका खंडातल्या शेतकऱ्यांनी हजारो वर्षं जोपासलेली. पोर्तुगीजांच्या जहाजांनी ती इकडे आली, पण गामाच्या तीनही सफरींशी त्यांचा काही संबंध दाखवता येत नाही. हाच न्याय उलटही लावतो: गोवा १५१० मध्ये घेतला तो अफोन्सो द अल्बुकर्कने, आणि इन्क्विझिशन, म्हणजे धर्मद्रोह्यांना शिक्षा करणारं चर्चचं न्यायालय, गोव्यात १५६० मध्ये आलं. गामा १५२४ च्या सप्टेंबरात व्हाइसरॉय म्हणून आला आणि त्याच वर्षी नाताळच्या आदल्या दिवशी कोचीनला वारला. मिरची-काजूचं श्रेय नको तर इन्क्विझिशनचं पापही नको. त्याच्या स्वतःच्या खात्यावर पुरेसं आहे.

राहता राहिला पुतळा. जुन्या गोव्यात मांडवीच्या धक्क्यावरून आत शिरताना व्हाइसरॉयची कमान लागते, तिच्यावर गामा उभा आहे. पर्यटक त्याला इतिहासाची साक्ष समजून फोटो काढतात. गामाच्या मृत्यूनंतर सत्तरेक वर्षांनी त्याचा पणतू फ्रान्सिस्को द गामा गोव्यात व्हाइसरॉय झाला, ती कमान त्याच्या कारकिर्दीतली. घरच्या माणसाने सरकारी जागी केलेला घरचा सत्कार. आणि पुतळ्यांवरून भांडणं आजचं खूळ म्हणणाऱ्यांनी पुढचं वाचावं: या फ्रान्सिस्कोवर शहरातले लोक इतके चिडले होते की त्याची कारकीर्द संपताच त्यांनी पणजोबांचा पुतळा पाडून टाकला. पाडणारे गोव्यातले पोर्तुगीजच होते. नंतर तो पुन्हा बसवला गेला. १९९८ मध्ये पाचशे वर्षांच्या सोहळ्याला गोव्यात आणि केरळात विरोध झाला, तेव्हा त्या भांडणाचं वय चारशेच्या घरात होतं.