‘मूल तर डोळ्यांसमोरच आहे’ : ऑनलाइन शिकवणीविषयीच्या एका दाव्याचा प्रतिवाद

पालकांच्या गटांमध्ये गेली काही वर्षे एक मजकूर थोड्याफार फरकाने सतत पुढे पाठवला जातो. त्याचा आशय असा: ऑनलाइन शिकवणीत मूल घरातच, आईवडिलांच्या नजरेसमोर असते, त्यामुळे ती बाहेरच्या शिकवणीपेक्षा केव्हाही सुरक्षित, शिकवणी घेणाऱ्यांकडे मुलाचे नाव आणि इयत्ता यांपलीकडे काही नसते, असले तरी लहान मुलाच्या माहितीचा कोणाला काय उपयोग, शिवाय परवानगी पालकांनीच दिलेली असते, प्रत्येक तासाचे रेकॉर्डिंग होते आणि काही बिघडलेच तर कायदा आहे. शेवटी, एवढे नियम एकट्या शिक्षकाला झेपणारे नाहीत, तेव्हा डेटाचा बागुलबुवा उभा करून मुलांचे शिक्षण अडवू नये, असेही सांगितलेले असते.

ऑनलाइन शिकवणीला माझा विरोध नाही. आजारी मुलाला, दूरवर राहणाऱ्याला किंवा एखाद्या विषयाचा जाणकार आसपास न मिळणाऱ्याला तिचा मोठा आधार आहे, आणि येण्याजाण्यातले धोके तिने कमी केले हेही खरे. अडचण अशी की या मजकुरातला प्रत्येक मुद्दा अर्धवट खरा आहे आणि म्हणूनच तो चटकन पटतो. मुलाची सुरक्षितता आणि मुलाची माहिती या दोन निराळ्या बाबी आहेत, असे त्यात गृहीत धरले आहे. परक्या माणसाला मुलापर्यंत पोहोचायचे असेल तर त्याची वाट मात्र मुलाच्या माहितीतूनच जाते, म्हणून एकेक मुद्दा तपासायला हवा.

पहिला मुद्दा मूल नजरेसमोर असण्याचा. नजरेसमोर मूल असते. त्याच्या पडद्यावर काय चालले आहे ते असतेच असे नाही. हेडफोन लावून मूल शेजारच्या खोलीत बसले असेल, तर घरच्यांना संभाषणाची एकच बाजू ऐकू येते, आणि ते फक्त ‘हो सर’, ‘नाही सर’ म्हणत असेल तर त्या बाजूवरूनही काही कळत नाही. लेखी चॅटचा तर आवाजच नसतो. मुलांशी जवळीक साधून गैरफायदा घेणारी माणसे पहिल्याच दिवशी काही वावगे बोलत नाहीत. ती आधी चांगले शिकवतात, कौतुक करतात, घरात मुलाशी बोलायला कोणाला वेळ नाही हे हेरतात, मग ‘अडलं तर रात्री विचार’ असे सांगून स्वतःचा नंबर देतात आणि संभाषण शिकवणीच्या ॲपमधून खासगी मेसेजिंगवर नेतात, जिथे संस्थेची नजर पोहोचत नाही. पालकांनी डोळ्यांत तेल घालून पाहावे असा क्षण हाच, कारण तोवर तक्रार करण्याजोगे काहीही घडलेले नसते.

संस्थेने शिक्षकांची पडताळणी केलेली असते, असे यावर उत्तर मिळते. पडताळणी कशाची, हे विचारावे लागते. ओळखपत्र आणि पदवी तपासली म्हणजे माणूस तोच आहे आणि त्याने विषय शिकलेला आहे, एवढे कळते. पोलिसांकडील चारित्र्य पडताळणीत आजवर ज्याची नोंद झाली तेवढेच दिसते. पाच तारे तर शिकवण्याला दिलेले असतात, वागण्याला नव्हे. म्हणून माणसाच्या भरवशावर न राहता मार्गच बंदिस्त करणे अधिक शहाणपणाचे: शिक्षक आणि विद्यार्थी यांचे सगळे बोलणे ॲपमध्येच व्हावे, एकाला दुसऱ्याचा नंबर दिसू नये, पालकाला स्वतःच्या खात्यातून चॅट वाचता यावे आणि न कळवता तासाला हजर राहता यावे. घरी हेडफोनऐवजी स्पीकर लावला आणि खोलीचे दार उघडे ठेवले, तरी पुष्कळ फरक पडतो.

शिक्षक कितीही सज्जन असला तरी तिसरा माणूस आत शिरू शकतो, हेही विसरता येत नाही. मार्च २०२० मध्ये अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात एका माध्यमिक शाळेचा ऑनलाइन तास चालू असताना कोणी अनोळखी इसम त्यात शिरला, त्याने शिवीगाळ केली आणि शिक्षकाच्या घरचा पत्ता सर्वांसमोर मोठ्याने ओरडून सांगितला. एफबीआयने या प्रकाराची जाहीर सूचना काढली. मुले सगळी आपापल्या घरीच होती.

दुसरा मुद्दा नाव आणि इयत्तेचा, आणि इथे हा मजकूर सर्वांत जास्त फसतो. नोंदणीच्या अर्जात भरतो ती माहिती एकूण साठ्याचा लहानसा भाग असते. ॲप उघडले की फोनचा प्रकार, त्याचा ओळख क्रमांक, इंटरनेट जोडणीचा आयपी पत्ता आणि त्यावरून ढोबळ ठिकाण नोंदवता येते. मूल रोज किती वाजता बसते, कोणत्या उदाहरणापाशी किती सेकंद अडखळते, कोणते उत्तर खोडून पुन्हा लिहिते, कधी कंटाळून बाहेर पडते, हेही साठवता येते. कॅमेऱ्यातून चेहरा आणि खोली जाते, माइकमधून आवाज आणि मागे चाललेले घरातले बोलणे जाते. गृहपाठाचा फोटो पाठवताना वहीचे मुखपृष्ठ त्यात आले, तर पूर्ण नाव, शाळा, तुकडी आणि हजेरी क्रमांक एका फटक्यात बाहेर पडतो, आणि कॅमेऱ्यात ठिकाण नोंदवण्याची सोय चालू असेल तर फोटो कुठे काढला तेही फाइलमध्येच लिहिलेले असते.

असे किरकोळ वाटणारे तुकडे एकत्र आले की काय होते, ते संगणकशास्त्रज्ञ लतान्या स्वीनी यांनी २००० मध्येच दाखवले होते. अमेरिकेच्या १९९० च्या जनगणनेवरून त्यांनी काढलेल्या अंदाजानुसार जन्मतारीख, लिंग आणि पाच अंकी पिनकोड एवढ्या तीन गोष्टी मिळाल्या, तर तिथल्या ८७ टक्के लोकांपैकी प्रत्येकाला इतरांपासून वेगळे काढता येत होते. नाव कळण्याची गरजही नव्हती.

ही माहिती जाते कुठे, याचेही उत्तर उपलब्ध आहे. ह्युमन राइट्स वॉच या संस्थेने ४९ देशांच्या सरकारांनी कोरोनाच्या साथीत पुरस्कारलेली १६४ शैक्षणिक ॲप आणि संकेतस्थळे तपासून मे २०२२ मध्ये अहवाल दिला. त्यांपैकी ८९ टक्के साधनांची माहिती हाताळण्याची पद्धत मुलांच्या हक्कांना बाधा आणणारी किंवा आणू शकणारी आढळली, आणि माहिती मिळवणाऱ्या त्रयस्थ कंपन्यांत जाहिरात तंत्रज्ञानातल्या कंपन्यांचा भरणा होता. माहिती विकली गेली नाही तरी ती फुटू शकते. चेग या अमेरिकी शिकवणी कंपनीच्या प्रकरणात, तिथल्या फेडरल ट्रेड कमिशन या ग्राहकहित पाहणाऱ्या सरकारी यंत्रणेच्या २०२२ मधील तक्रारीनुसार, पूर्वी कंत्राटावर काम केलेल्या एका माणसाने २०१८ मध्ये कंपनीच्या क्लाउड साठ्यात (इंटरनेटवरून वापरायच्या साठ्यात) शिरून सुमारे ४ कोटी ग्राहकांची माहिती उचलली. शिष्यवृत्ती शोधण्याच्या सोयीसाठी विद्यार्थ्यांनी भरलेला धर्म, जन्मतारीख, आईवडिलांच्या उत्पन्नाचा गट, अपंगत्व, लैंगिक कल असे तपशीलही काहींच्या बाबतीत त्यात होते. नाव आणि इयत्ता यांपलीकडे काही नसते, हे वाक्य या यादीपुढे ठेवून वाचावे.

यातला रोजचा आणि सर्वांत कमी बोलला जाणारा उपयोग विक्रीचा आहे. मोफत चाचणीत मूल अपूर्णांकांत कच्चे निघाले, ही नोंद शिक्षकाबरोबर विक्री विभागाकडेही गेली, तर संध्याकाळी फोन करणाऱ्याला पालकांना नेमके कुठे घाबरवायचे ते आयते कळते. गुन्हा म्हणून याची कुठे नोंद होत नसेल, पण मुलाची उणीव हे विक्रीचे हत्यार झालेले असते.

तिसरा मुद्दा, मुलाच्या माहितीचा कोणाला काय उपयोग. मोठ्या माणसाचे कार्ड चोरीला गेले तर ते बंद करून नवे घेता येते. जन्मतारीख, चेहरा आणि आवाज बदलून मिळत नाहीत. मुलाच्या नावावर कोणी खाते उघडले तरी मूल सज्ञान होऊन स्वतः कर्ज मागेपर्यंत ते लक्षातही येत नाही, आणि हा मोठा अवधी हेच त्या माहितीचे मोल आहे. पॉवरस्कूल या शाळांची नोंदव्यवस्था सांभाळणाऱ्या कंपनीचा अनुभव या संदर्भात पाहण्याजोगा आहे. डिसेंबर २०२४ मध्ये तिच्या ग्राहकसेवेच्या संकेतस्थळातून, चोरलेल्या लॉगिनच्या आधारे, अमेरिका आणि कॅनडातील विद्यार्थ्यांच्या नोंदी उचलल्या गेल्या. कंपनीने खंडणी दिली, माहिती पुसल्याचा व्हिडिओही तिला दाखवण्यात आला, आणि तरी मे २०२५ मध्ये काही शाळा मंडळांकडे त्याच माहितीच्या नावाने नव्याने खंडणी मागितली गेली. टोरांटोच्या शाळा मंडळाने तर १९८५ पासूनच्या विद्यार्थ्यांच्या नोंदी यात सापडल्या असाव्यात असे कळवले. ज्यांची स्वतःची मुले आता शाळेत जातात अशा माणसांचे बालपण त्या सर्व्हरवर तसेच पडून होते.

परवानगी पालकांनीच दिली, हा मुद्दा कायद्याच्या कसोटीवर फार टिकत नाही. स्वीडनमधील शेलेफ्तेओ येथील एका शाळेने २२ विद्यार्थ्यांची हजेरी चेहरा ओळखणाऱ्या कॅमेऱ्याने घेऊन पाहिली, पालकांची संमतीही घेतली. तरीही २०१९ मध्ये तिथल्या माहिती संरक्षण प्राधिकरणाने दंड केला, कारण विद्यार्थी शाळेवर अवलंबून असताना दिलेली संमती मोकळेपणाने दिलेली मानता येत नाही आणि हजेरीसाठी याहून साधे मार्ग होते. शिकवणीतही तेच आहे: परीक्षा तोंडावर आली असताना ‘मान्य आहे’ हे बटण दाबणाऱ्या पालकापुढे दुसरा पर्याय नसतो. संमती एका कामापुरती असते, तिचा कोरा धनादेश होत नाही. गणित शिकवणाऱ्या ॲपला फोनमधील संपर्क यादी कशाला हवी, याचे समाधानकारक उत्तर मला अजून मिळालेले नाही. ती परवानगी नाकारूनही तास चालत असेल, तर ती मागण्याचे कारण शिकवण्याशी संबंधित नव्हते हे उघड आहे. कॅमेरा आणि माइक ‘ॲप वापरतानाच’, फोटोंमधून निवडलेलाच फोटो, आणि ठिकाण पूर्ण बंद, एवढी मांडणी बहुतेक फोनच्या सेटिंगमध्ये काही मिनिटांत होते.

रेकॉर्डिंगबाबत मजकूर अर्ध्याहून अधिक बरोबर आहे, हे मान्य करायला हवे. तक्रार झाली तर पुरावा राहतो, आणि आपले बोलणे नोंदले जात आहे ही जाणीव काहींना आवर घालते. पण ते रेकॉर्डिंग संस्थेच्या साठ्यात न राहता शिक्षकाच्या खासगी लॅपटॉपवर राहत असेल, तर ज्याच्यावर लक्ष ठेवायचे त्याच्याच हाती मुलांचे व्हिडिओ सोपवल्यासारखे होते. कोण पाहू शकतो, कोणी पाहिले याची नोंद राहते का, आणि किती दिवसांनी पुसले जाते, ही तीन उत्तरे लेखी मिळाली तरच रेकॉर्डिंगला सुरक्षेचे साधन म्हणावे. अमेरिकेच्या कोप्पा या मुलांच्या ऑनलाइन गोपनीयतेच्या कायद्याखालील नियमांत २०२५ मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार १३ वर्षांखालील मुलांची माहिती बेमुदत ठेवता येत नाही, आणि आवाजाचा ठसा किंवा चेहऱ्याचा साचा हीदेखील वैयक्तिक माहिती ठरते.

कायदा आहे, हे खरेच. युरोपीय संघाच्या २०१८ पासून लागू असलेल्या माहिती संरक्षण नियमात ऑनलाइन सेवेला स्वतः संमती देण्याचे वय १६ आहे आणि सदस्य देशांना ते १३ पर्यंत खाली आणता येते. भारताच्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालील प्रत्येक जण मूल आहे. पालकांची पडताळता येणारी संमती लागते, मुलांचा माग काढणे आणि त्यांना उद्देशून लक्ष्यित जाहिराती करणे यांना मनाई आहे आणि उल्लंघनासाठी २०० कोटी रुपयांपर्यंत दंड आहे. मात्र त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि मुख्य जबाबदाऱ्यांसाठी १८ महिन्यांची मुदत देण्यात आली. कायदा बहुधा घटना घडून गेल्यावर पोहोचतो, आणि पोहोचला तरी वसुली होतेच असे नाही: एडमोडो या शैक्षणिक कंपनीला मुलांची माहिती पालकांच्या संमतीविना जाहिरातींसाठी वापरल्याबद्दल २०२३ मध्ये ६० लाख डॉलरचा दंड ठरला, आणि भरण्याची ऐपत नाही म्हणून तो स्थगित झाला. युनेस्कोच्या २०२३ च्या जागतिक शिक्षण अहवालानुसार शिक्षणातील माहितीच्या गोपनीयतेची कायद्याने स्पष्ट हमी देणारे देश अवघे १६ टक्के आहेत.

राहिला एकट्या शिक्षकाचा प्रश्न. त्याच्यापाशी वकील नसतो, सर्व्हर नसतो, आणि माझ्या मते म्हणूनच त्याचे काम सोपे आहे, कारण त्याला फार थोडी माहिती लागते. हाक मारायचे नाव, इयत्ता आणि पालकाचा एक नंबर पुरतो. जन्मतारीख, शाळा, पत्ता आणि फोटो मागायचे कारणच नाही. प्रत्येक वर्गाची लिंक वेगळी असावी, प्रतीक्षा कक्ष (शिक्षकाने आत घेईपर्यंत येणाऱ्याला थांबवणारी सोय) चालू ठेवावा, आणि ओळखीच्या नावाखेरीज कोणाला आत घेऊ नये. सर्वांत आधी मात्र एक सवय मोडायला हवी: वर्ग भरलेला दिसावा म्हणून पडद्याचा फोटो काढून जाहिरातीत टाकण्याची. त्या फोटोत प्रत्येक चौकटीत एक चेहरा असतो, चेहऱ्याखाली पूर्ण नाव असते, मागे खोली असते आणि कोपऱ्यात घड्याळ असते, म्हणजे कोणते मूल कोणत्या वेळी कुठे बसलेले असते ते अनोळखी माणसालाही वाचता येते. असा फोटो पालकांनी हरकत घेण्याची वाट न पाहता काढून टाकावा. वर्गाची यादी, उत्तरपत्रिकांचे फोटो आणि रेकॉर्डिंग कोणत्या तारखेला पुसणार, ते शिकवणी सुरू करतानाच पालकांना लिहून द्यावे, आणि त्या तारखेनंतर कोणी विचारले तर पुसले असे लेखी कळवावे.