अवाकाडोने पोपटाची पिसं चमकत नाहीत, जीव जातो

फोंडा-म्हापसा भागातल्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: 'पिंजऱ्यातल्या पोपटाला फक्त सूर्यफुलाच्या बिया, मिरची आणि अधूनमधून अवाकाडोचा गर द्या, पिसं चमकतील.' कृपया असं करू नका.

अवाकाडोत पर्सिन नावाचं द्रव्य असतं. ते पक्ष्याच्या हृदयाच्या स्नायूला इजा करतं. 1989 साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात अवाकाडो दिलेले बहुतेक बजरीगर (पिंजऱ्यात पाळतात ते छोटे विदेशी पोपट) दोन दिवसांच्या आत मेले. मिल्कशेकसाठी घरात अवाकाडो कापत असाल तर साल आणि बीसुद्धा पिंजऱ्यापासून लांब ठेवा. चुकून खाल्लाच, तर पक्षी पिसं फुगवून तळाशी बसेपर्यंत किंवा धापा टाकेपर्यंत थांबू नका. लगेच पशुवैद्याकडे न्या.

सूर्यफुलाच्या बिया विषारी नाहीत, पण त्यांत चरबी भरपूर, कॅल्शियम आणि 'अ' जीवनसत्त्व फारच कमी. नुसत्या त्यांच्यावर ठेवलेल्या पक्ष्याचं यकृत बिघडतं, तोंडात पांढरे चट्टे येतात. पक्ष्यांसाठीचं पेलेट खाद्य (तयार दाणेदार गोळ्या) मुख्य ठेवा. जोडीला भोपळा, गाजर, थोडी आपली तांबडी भाजी (लाल माठ) द्या. मिरची खुशाल द्या, पक्ष्यांना ती तिखट लागत नाही.

हे बजरीगर, कॉकॅटिल अशा विदेशी पक्ष्यांसाठी आहे. आपला रानातला हिरवा पोपट पाळायला 1972च्या वन्यजीव कायद्याने मनाई आहे.

मेसेज आला तर पुढे पाठवू नका. पाठवला असेल, तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका.