हिप्परग्याचा नाकतोडा : ‘नाव अर्धवटच का सोडले?’ या प्रतिक्रियेला उत्तर

आदरणीय सर,

सोलापूरजवळच्या हिप्परगा तलावाच्या काठी ओल्या चिखलात सापडलेल्या बुटक्या नाकतोड्यांवरच्या माझ्या लेखाला आपण दोन आक्षेप घेतले आहेत. मोबाइलमधील ॲप ‘टेट्रिक्स सब्युलाटा’ असे नाव स्पष्टपणे दाखवत असताना मी ‘टेट्रिजिडी कुलातील कीटक’ एवढ्यावरच थांबलो, हा पहिला. आणि एक कीटक लांब, दुसरा आखूड असूनही ते एकाच जातीचे असू शकतील असे लिहिले, हा दुसरा.

जवळच्या जातींचा मिळून वंश होतो आणि जवळच्या वंशांचे मिळून कुल. यांपैकी कुलाबद्दल मला शंका नाही. मानेमागचे कवच पोटावरून थेट मागे गेलेले आहे, पुढचे पंख लहानशा खवल्यांइतकेच उरले आहेत, आणि पुढच्या व मधल्या पायांच्या पावलांना दोन-दोन, तर मागच्यांना तीन खंड आहेत. हे सारे फक्त याच कुलात एकत्र आढळते. जातीचे मात्र तसे नाही. आपण सुचवलेली जाती युरोप, उत्तर आशिया आणि उत्तर अमेरिकेतली आहे. आपल्याकडे पॅराटेटिक्स, युपॅराटेटिक्स, हेडोटेटिक्स असे एकमेकांसारखे दिसणारे वंश आहेत, आणि ते वेगळे करायचे तर दोन डोळ्यांमधील कपाळाची रुंदी, कवचाच्या मध्यावरील कण्याचा उंचवटा आणि मधल्या मांडीचा आकार पाहावा लागतो. माझे छायाचित्र वरून घेतलेले आहे. त्यात यांतले पुरेसे काहीच दिसत नाही.

छायाचित्राला मी कमी लेखत नाही. फिलिपीन्समधील ‘अरुलेनस मिए’ या याच कुलातील जातीचे नामकरण 2016 साली झाले, आणि तिचा शोध फेसबुकवरील एका छायाचित्रापासून सुरू झाला होता. पण ते छायाचित्र या कुलाच्या जाणकारांच्या नजरेस पडले, हे विसरता येत नाही.

लांब-आखूड रूपांवरून दोन जाती मानण्याचा मोह जुन्या कीटकशास्त्रज्ञांनाही झाला होता. या कुलात उडण्याचे पंख लांब असले की त्यांच्याबरोबर कवचही लांबते, आणि एकाच जातीत दोन्ही रूपे जन्मतात. आपण सुचवलेल्या सब्युलाटामध्येही ती आढळतात. अशा दोन रूपांना दोन नावे दिली गेली असतील, तर प्राणिनामकरणाच्या संहितेनुसार सर्वसाधारणपणे आधी प्रसिद्ध झालेले नाव टिकते, आणि ही मोजणी 1758 पासून होते.

‘नावे सारखी बदलतात, मग त्यांना अर्थ काय?’ असेही आपण विचारले आहे. सोलापूरजवळच्या नान्नज अभयारण्यातला माळढोक पक्षी पाहा. व्हिगर्स या प्राणिशास्त्रज्ञांनी 1831 मध्ये त्याला ‘ओटिस नायग्रिसेप्स’ म्हटले, पुढे तो ‘कोरिओटिस’ झाला, आणि आज ‘अर्डिओटिस’ आहे. शास्त्रीय नावापुढे ते देणाऱ्याचे नाव लिहितात; वंश बदलला, म्हणून व्हिगर्स यांचे नाव आता कंसात लिहितात. पण काळ्या डोक्याचा, या अर्थाचा ‘नायग्रिसेप्स’ हा शब्द तसाच राहिला. पक्ष्याविषयीची समज वाढली, म्हणून त्याची वर्गीकरणातली जागा बदलली. ही माझ्या मते या शास्त्राची ताकद आहे.

आपली एक दुरुस्ती मात्र पूर्णपणे योग्य आहे. मी ‘प्रजाती’ हा शब्द कधी वंशासाठी, कधी जातीसाठी वापरला होता; आता सर्वत्र ‘वंश’ आणि ‘जाती’ असे केले आहे. पावसाळ्यात त्याच काठावर समोरून व बाजूने छायाचित्रे घेईन. तोपर्यंत लेखातील नोंद ‘टेट्रिजिडी, जाती अनिश्चित’ अशीच राहील.